चौथी शिकलेल्या शेतकऱ्यानं साखर कारखाना कसा काढला? स्टार्टअपवाले ज्याला 'रिसोर्सफुल' म्हणतात, ते नगरमध्ये ७५ वर्षांपूर्वीच घडून गेलंय

स्टार्टअपच्या रील्स बघत असाल, तर एक शब्द तुमच्या कानावर हमखास पडला असेल. रिसोर्सफुल. फाउंडर हुशार नसला तरी चालेल, पैसेवाला नसला तरी चालेल, पण रिसोर्सफुल पाहिजे.

हे खूळ आलं कुठून? एअरबीएनबी, ड्रॉपबॉक्स अशा कंपन्यांना अगदी सुरुवातीला पैसे देणारी वाय कॉम्बिनेटर नावाची अमेरिकन संस्था आहे. तिचे एक संस्थापक पॉल ग्रॅहम यांनी २००९ साली एक छोटा लेख लिहिला आणि चांगल्या फाउंडरचं वर्णन दोन शब्दांत केलं, रिलेन्टलेसली रिसोर्सफुल. काहीही झालं तरी कुठून ना कुठून वाट काढणारा माणूस. त्याच सुमारास त्यांनी एअरबीएनबीच्या पोरांना घेतलं होतं. ही पोरं २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत ओबामा आणि मॅकेन यांच्या नावानं नाश्त्याच्या सीरियलचे खोके छापून ४० डॉलरला एक असे विकत होती आणि त्यातून कंपनी जगवत होती. सीरियलचा नि घरं भाड्यानं देण्याचा काय संबंध? काहीच नाही. पण ग्रॅहम यांना तेच आवडलं.

हा किस्सा तुम्ही वीस वेळा ऐकला असेल. अडचण अशी की तो ऐकून आपल्याकडं रिसोर्सफुल या शब्दाचं भाषांतर होतं 'जुगाडू'. बुलेटचं इंजिन काढून नांगराला लावलं, बाटली कापून ठिबक केलं, झालं जुगाड. व्हिडिओ भारी चालतो. मात्र त्यातून कंपनी उभी राहते का, हा प्रश्न वेगळा.

मराठीत यासाठी एक जुना आणि जास्त नेमका शब्द आहे, हिकमती. आपल्या आजीनं एखाद्या बाईबद्दल "मोठी हिकमती आहे हो" असं म्हटलं, तर ती बाई तार बांधून गळका नळ थांबवते एवढाच त्याचा अर्थ नसायचा. तिला माणसं ओळखता येतात, कोणाकडून काय मिळेल हे कळतं, कुठं थांबायचं ते कळतं, असं सगळं त्यात यायचं. हा फरक समजून घ्यायचा असेल तर कॅलिफोर्नियापेक्षा अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर, जास्त उपयोगी आहे.

गाव लोणी बुद्रुक. आजच्या राहाता तालुक्यातलं.

ऊस शेतकऱ्याचा, भाव दुसऱ्याचा

आधी थोडी पार्श्वभूमी. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. कालव्यांचं पाणी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या बाजूला आलं आणि जिरायती पट्ट्यात ऊस दिसायला लागला. पाणी आलं म्हणजे पैसा आला, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही.

उसाचा स्वभाव विचित्र आहे. ज्वारी-बाजरी पोत्यात भरून ठेवता येते, भाव आला की काढता येते. ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते. तो लवकरात लवकर गाळावा लागतो, नाहीतर वजनही जातं आणि उताराही. म्हणजे शेतकऱ्यापुढं दोनच रस्ते. एक, स्वतःच्या गुऱ्हाळात गूळ करायचा आणि बाजार जो देईल त्या भावाला विकायचा. दोन, जवळ जो कारखाना असेल त्याच्या दारात जायचं. आणि कारखाने होते खासगी मालकांचे. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स, कोपरगावच्या बाजूला सोमय्यांचे कारखाने. १९३२ मध्ये सरकारनं देशी साखरेला आयात करातून संरक्षण दिलं होतं, त्यामुळं साखर काढणं हा चांगला धंदा झाला होता. पण चांगला कोणासाठी? या कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेऊन स्वतःच ऊस लावायच्या. ज्याची जमीन तो तिथंच मजूर, हे चित्र या भागात नवं नव्हतं. गुळाचे भाव पडले की बागायतदारही सावकाराच्या वहीत जायचा.

याच पट्ट्यात विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील हे शेतकरी होते. शिक्षण मराठी चौथी.

आता इथं साधारण रील संपते. "चौथी शिकलेला माणूस, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना", पाठीमागं ढोलताशा, बास. पण या दोन टोकांच्या मधे काय झालं, ते खरं बघण्यासारखं आहे.

हातात काय होतं?

आजच्या पिच डेकच्या भाषेत विचार केला तर विखे पाटलांकडं काहीच नव्हतं. मशिनरीला लागणारं भांडवल नाही. साखर तयार करण्याचं तंत्र माहीत असलेला माणूस नाही. इंग्रजीत कागदपत्रं करणारी टीम नाही. कारखान्याचा परवाना सरकार देणार, आणि सरकारदरबारी ओळख नाही.

पण एक गोष्ट होती. १९२३ साली त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली होती. सावकाराकडं न जाता गावानं गावाच्या पैशातून कर्ज घ्यायचं, असा साधा प्रकार. पतपेढी म्हणजे काय? कोण कर्ज फेडतो, कोण बुडवतो, कोणाच्या शब्दाला गावात किंमत आहे, कोणाच्या घरात अडचण खरी आहे, याची वर्षानुवर्षं जमलेली माहिती. आणि उलट बाजूनं, गावाला झालेली एक खात्री, की या माणसाच्या हातात पैसे दिले तर ते बुडत नाहीत.

ही खात्री कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. कारखान्याचं पहिलं भांडवल मात्र तेच होतं.

याला अभ्यासातही आधार आहे. सारस सरस्वती या मूळच्या भारतीय असलेल्या, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेनं २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक धंदा दिला आणि तो कसा उभा कराल, हे मोठ्यानं विचार करत बोलायला सांगितलं. त्यावरचा त्यांचा गाजलेला निबंध २००१ मध्ये आला. मॅनेजमेंटच्या पुस्तकात शिकवतात ते असं, की आधी ध्येय ठरवा, मग बाजाराचा अभ्यास करा, मग लागणारी साधनं गोळा करा. हे अनुभवी लोक बहुतेक वेळा उलटं करत होते. ते आधी विचारत, मी कोण आहे, मला काय येतं, मी कोणाला ओळखतो? आणि त्यातून जे बनू शकतं ते बनवायला घेत. घरात बाजार भरलेला नसताना अचानक पाहुणे आले, तर आपली आई रेसिपीचं पुस्तक उघडत नाही, डबे उघडते. तसंच.

सरस्वतींनी यात आणखी एक तत्त्व सांगितलं, त्याला त्या क्रेझी क्विल्ट म्हणतात. आपल्या भाषेत गोधडी. गोधडीचा नकाशा आधीपासून ठरलेला नसतो. कोण कुठला तुकडा आणतं त्यावर तिचा आकार ठरतो. जो माणूस स्वतःचा तुकडा घेऊन येतो, तो त्या गोधडीचा भागीदार होतो.

लोणीची गोधडी कशी शिवली गेली ते बघा.

अर्थतज्ज्ञ, मंत्री आणि बागायतदार

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दक्षिणेतल्या कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना 'गाडगीळ सूत्र' आठवलं असेल, तेच हे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख. देशातल्या मोठ्या अर्थतज्ज्ञांपैकी एक.

गाडगिळांकडं एक कल्पना होती. शेतकऱ्यानं नुसता कच्चा माल विकू नये, त्यावरची प्रक्रियाही त्याच्याच मालकीची असावी, आणि हे सहकारातून होऊ शकतं. पण पुण्याच्या संस्थेत बसून कोणी ऊस गोळा करू शकत नाही. विखे पाटलांकडं ऊस पिकवणारी माणसं होती, पण ती एकत्र कशी बांधायची याचा आराखडा नव्हता. दोघांकडं जे नव्हतं ते समोरच्याकडं होतं.

तिसरा तुकडा वैकुंठभाई मेहतांचा. पुण्यात विद्यापीठाच्या बाजूला ज्यांच्या नावाची सहकार व्यवस्थापनाची संस्था आहे, ते. मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेत त्यांची हयात गेली होती आणि १९४६ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थ आणि सहकार मंत्री झाले. म्हणजे सरकारात असा एक माणूस बसला होता, ज्याला सहकारी संस्था काय असते हे समजावून सांगावं लागणार नव्हतं.

तरीही सगळ्यात अवघड काम गावात होतं. बागायतदारांकडून शेअर्सचे पैसे जमा करणं. ज्यांनी आयुष्यभर कारखाना म्हणजे मालकाचा, हेच पाहिलं त्यांना सांगायचं की हा तुमचा होणार आहे, आणि त्यासाठी आज रोख द्या. दिसायला काही नाही. ना चिमणी, ना यंत्र. विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, दारोदार बोलले. इथं ती १९२३ ची पतपेढी कामाला आली.

बरं, पैशाच्या बरोबरीनं शेतकऱ्यानं आणखी एक गोष्ट द्यायची होती, ऊस. सहकारी कारखान्यात सभासदाचे शेअर्स त्याच्या उसाच्या क्षेत्राशी जोडलेले असतात आणि आपला ऊस याच कारखान्याला घालायचा, असं तो बांधील असतो. वरवर साधा नियम वाटतो. पण स्टार्टअपच्या नजरेतून बघा. कारखान्याच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे कच्चा माल वेळेवर न मिळणं. तो धोका पहिल्याच दिवशी मिटला. जो गुंतवणूकदार तोच पुरवठादार आणि तोच मालक. मतही एका सभासदाला एकच, शेअर्स किती का असेनात. त्यामुळं छोट्या शेतकऱ्याला भीती कमी.

शेतकऱ्यांनी स्वतःचे पैसे घातलेत, ऊस बांधून दिलाय आणि डोक्यावर गाडगीळ आहेत, हे दिसल्यावर बाहेरचा पैसा हलला. राज्य सरकारचं पाठबळ मिळालं आणि १९४८ मध्येच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज मिळालं. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचं पहिलं गाळप झालं.

पतपेढी १९२३, गाळप १९५०. मधे २७ वर्षं आहेत. ही २७ वर्षं रीलमध्ये मावत नाहीत म्हणून कापली जातात, आणि मग आपल्याला वाटतं की एक दिवस एका माणसाला आयडिया सुचली.

(आशियातला पहिला, या बिरुदाबद्दल थोडं. आंध्रात एटिकोप्पाका इथं १९३० च्या दशकातच सहकारी साखर कारखाना झाला होता. प्रवरेचं मोठेपण पहिलेपणात कमी आणि पुढं काय झालं त्यात जास्त आहे. तो चालला, बाकीच्यांनी बघितला, आणि महाराष्ट्रभर तसे कारखाने निघाले. पुढं त्यातले कित्येक राजकारणात आणि कर्जात बुडाले, काही विकले गेले, हेही तेवढंच खरं.)

खुर्चीवर कोण बसलं?

या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग पुढचा आहे, आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही.

कारखाना उभा राहिला तेव्हा अध्यक्ष कोण झालं? विखे पाटील नाही. धनंजयराव गाडगीळ. पुण्याचे प्रोफेसर लोणीच्या कारखान्याचे अध्यक्ष, आणि ज्यानं गावोगाव फिरून पैसे जमवले तो माणूस उपाध्यक्ष. पहिली जवळपास दहा वर्षं हीच रचना राहिली. त्यानंतर विखे पाटील अध्यक्ष झाले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आजूबाजूचे फाउंडर आठवा. दोन माणसांची कंपनी, दोघांच्या कार्डावर सीईओ. स्वतःपेक्षा जास्त जाणणारा माणूस आणून त्याला स्वतःच्या वर बसवायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही. विखे पाटलांना हे नीट कळलं होतं, की गाडगीळ अध्यक्ष आहेत म्हटल्यावर मुंबईतलं दार उघडतं, बँकेतला माणूस फाइल बाजूला ठेवत नाही, आणि गावातल्या दोन गटांनाही भांडायला कारण उरत नाही. गाडगिळांचं नाव हे साधन होतं. ते मिळवण्यासाठी त्यांनी जी किंमत दिली ती पैशात नव्हती. खुर्ची दिली.

जुगाड आणि हिकमत यातला फरक मला इथं दिसतो. जुगाडात माणूस वस्तू जोडतो. हिकमतीत माणसं जोडावी लागतात. वस्तूला मान लागत नाही, माणसाला लागतो.

एका फोटोवरून निघालेली रिक्षा

नगरचीच दुसरी गोष्ट अगदी वेगळ्या घरातली आहे. फिरोदिया हे नगरमधलं वकिली करणारं, स्वातंत्र्यचळवळीत उतरलेलं घर. कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे सभापती होते. म्हणजे विखे पाटलांसारखी शून्यापासून सुरुवात नाही. ओळखी होत्या, शिक्षण होतं. हे सांगितलंच पाहिजे, कारण प्रत्येक यशोगाथेत जबरदस्तीनं गरिबी घुसवायची आपल्याला सवय लागली आहे.

त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया हे स्वतः वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. १९४० च्या दशकाच्या शेवटी माणसानं माणसाला ओढून नेणाऱ्या रिक्षा बंद व्हाव्यात अशी चर्चा मुंबई सरकारात होती. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. पण बंद करून त्या लोकांनी करायचं काय, आणि प्रवाशांनी जायचं कशानं? याच काळात फिरोदियांच्या पाहण्यात एका मासिकातला फोटो आला. इटलीच्या पियाजिओ कंपनीची तीन चाकांची गाडी, मागं सामान ठेवायचा हौदा. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या इटलीनं स्वस्त मालवाहतुकीसाठी केलेलं वाहन.

तो फोटो जगभर हजारो लोकांनी पाहिला असणार. फिरोदियांना त्या हौद्याच्या जागी माणसं बसलेली दिसली.

त्यांनी अशा थोड्या गाड्या मागवल्या, त्यात सीट बसवून घेतलं आणि सरकारला दाखवायला नेलं. इथंही खरं काम वेल्डिंगचं नव्हतं. नवं वाहन म्हणजे नवा परवाना, नवे नियम. सुरुवातीला शंका घेणाऱ्या सरकारला पटवणं हे त्या गाडीपेक्षा अवघड होतं. ते पटलं, पुण्यात परवानगी मिळाली आणि ऑटोरिक्षा भारतात आली. आज आपल्याला वाटतं ती कायमच होती.

बघा, यातली एकही वस्तू फिरोदियांनी शोधलेली नाही. गाडी इटलीची. गरज सगळ्यांना दिसत होती. सरकारची इच्छा पेपरात छापून येत होती. त्यांनी तीन वेगवेगळ्या टेबलांवर पडलेल्या गोष्टी एका टेबलावर आणल्या.

पण कायम जुगाडावर चालतं का?

नाही. आणि हे मुद्दाम सांगायला हवं.

टेड बेकर आणि रीड नेल्सन या दोन अभ्यासकांनी २००५ मध्ये साधनांची चणचण असलेल्या २९ छोट्या व्यवसायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातलं एक निरीक्षण डोळे उघडणारं आहे. काही व्यवसाय सगळीकडंच जुगाड करायचे. जुनी यंत्रं, ओळखीचे गिऱ्हाईक, मित्रच कामगार, नियम जमतील तसे. ते जगायचे, पण वाढायचे नाहीत. कारण रोज काहीतरी तुटलेलं जोडण्यातच दिवस जायचा, आणि ओळखीचं गिऱ्हाईक पूर्ण पैसे देत नाही. जे वाढले त्यांनी जुगाड निवडून केला. गरज होती तिथं केला, काम झाल्यावर थांबवला.

आपल्या भागातले कितीतरी छोटे वर्कशॉप असे दिसतील. मालक कलाकार माणूस, कुठलंही मशीन चालू करून देईल. पण वीस वर्षांपूर्वी जेवढा शेड होता तेवढाच आज आहे.

फिरोदिया सीट बसवण्यावर थांबले नाहीत. १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून बजाज टेम्पो उभी राहिली, आजची फोर्स मोटर्स. आपण छोट्या मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो तो शब्द तिथलाच. नवलमल यांचे बंधू हस्तीमल आणि पुतणे अरुण फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं पुढं १९७० च्या दशकात लुना आणली, आणि तिचं नातं नगरच्या एमआयडीसीशी राहिलं. पहिली गाडी आणलेल्या गाडीत बदल करून झाली. पुढच्या गाड्यांसाठी कारखाना, करार आणि इंजिनिअर लागले.

घरात असलेलं, पण कोणी न मोजलेलं

साधन म्हणजे पैसा किंवा मशीन, असं डोक्यात बसलं की समोरची गोष्ट दिसत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. घरातली पोरं आजारी पडतात आणि बाजारच्या बियाणाच्या खाण्यात काहीतरी बिघडलंय, असं त्यांना वाटायला लागलं. मग त्या परसात आणि डोंगरातल्या वाड्यांवर बायकांकडं उरलेलं गावरान बियाणं गोळा करत गेल्या. वाल, घेवडा, भात, भाज्या. मातीच्या मडक्यात, राखेत ठेवत गेल्या. ते बियाणं प्रत्येक घरात होतं, पण त्याला किंमत आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. पुढं बायफ संस्था सोबत आली, बियाणं बँक झाली, आणि २०२० च्या यादीत पद्मश्री जाहीर झाली. हा स्टार्टअप नाही. पण 'मी कोण, मला काय येतं, मी कोणाला ओळखते' या प्रश्नांचं उत्तर इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

किंवा नगरला लागून असलेल्या बीडच्या आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत. आयटीआय करून पुण्यात इन्फोसिसमध्ये ९ हजार पगारावर ऑफिस बॉयसारखं काम करत होते. तिथं डोकं लावून काम करणाऱ्यांना जास्त पैसे मिळतात हे दिसलं, म्हणून ग्राफिक्स आणि ॲनिमेशन शिकले. लॉकडाऊनमध्ये गावी परतल्यावर नेटवर्क मिळेना, तर डोंगरावरच्या गुरांच्या गोठ्याच्या जागेत ऑफिस थाटलं. त्यांची डूग्राफिक्स कंपनी २०२४ मध्ये शार्क टँक इंडियात आली आणि अमन गुप्तांनी १ कोटी रुपये गुंतवले. बातम्यांत गोठ्याचा फोटो चालला. पण गोठ्याच्या आधी त्यांनी कित्येक वर्षं ते कौशल्य शिकण्यात आणि त्यावर कमावण्यात घातली होती. गोठा हा पत्ता होता, भांडवल नव्हतं.

मग जमीन विकायची का?

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण आपल्या जिल्ह्यात तो खरोखर घरांमध्ये विचारला जातो. पोरगा इंजिनिअर होतो, पुण्यात दोन वर्षं नोकरी करतो, मग सोडतो आणि म्हणतो, ॲप काढायचंय, दोन एकर विकू. नाहीतर सोनं गहाण ठेवू. मोटिव्हेशनल व्हिडिओ सांगतात, रिस्क घे, परतीचे दोर कापून टाक.

सरस्वतींच्या त्या २७ उद्योजकांनी असं सांगितलेलं नाही. ते धंद्यातून किती मिळेल याआधी एक हिशोब करत होते, सगळं गेलं तर किती जाईल आणि तेवढं गेल्यावर मी उभा राहीन का? तेवढंच लावायचं, त्यापुढं नाही. त्याला त्या अफोर्डेबल लॉस म्हणतात. आपण म्हणू, झेपेल एवढाच तोटा.

प्रवरेकडं पुन्हा बघितलं तर हेच दिसतं. कारखान्याचा भार अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी थोडा थोडा उचलला. उद्या बंद पडला असता तर शेअरचे पैसे गेले असते, दुःख झालं असतं. पण जमीन नावावर राहिली असती. एका घराला अख्खा तोटा सोसावा लागणार नाही, अशीच ती रचना होती. शंभर टक्के स्वतःची मालकी ठेवून शंभर टक्के कर्ज स्वतःच्या डोक्यावर घेणारा फाउंडर धाडसी असेल. हिकमती म्हणता येणार नाही.

आणि हेही विसरू नका, की भंडारदऱ्याचं पाणी नसतं, साखरेला संरक्षण नसतं, वैकुंठभाई मंत्री नसते, तर लोणीत फक्त एक चांगली पतपेढी राहिली असती. फाउंडरच्या अंगातल्या गुणानं सगळं होतं, हे सांगणाऱ्यांकडं बहुतेक वेळा एखादा कोर्स विकायला असतो.

बाहेरचा पैसा मागूच नये, असं मात्र नाही. केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत, जी २०२१ मध्ये आली, पहिलं मॉडेल बनवण्यासाठी इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा तत्सम मदत अशी तरतूद केली होती. पण तेही पैसे एकरकमी हातात पडत नव्हते. एक टप्पा पूर्ण करून दाखवला की पुढचा हप्ता. आणि इन्क्युबेटरच्या समितीसमोर बसल्यावर विचारतात ते हेच, की आत्तापर्यंत काय केलं, सोबत कोण आहे, आणि तुमची वस्तू घ्यायला तयार असलेली दहा माणसं कोण?